लस नको असं कोणी म्हणत नाही, ‘थांबून पाहू’ म्हणतात

प्रश्न मानेवाडा भागातल्या एका वडिलांचा आहे. थोडक्यात असा: मुलगी साडेनऊ महिन्यांची. गोवर-रुबेलाची, म्हणजे एम.आर.ची लस द्यायची आहे, पण तीन आठवडे झाले, ‘पुढच्या आठवड्यात’ असंच चाललंय. बायको इंजिनियर, आयांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. त्यात भर म्हणून मावसभावाने घरच्या ग्रुपवर ऑटिझमचा एक व्हिडिओ पाठवला. “ती नाही म्हणत नाही, पण नेतही नाही. नेटवर पाहून माणसं लसीचं असं कसं ठरवतात? आणि भांडण न करता मी काय करू?”

‘नाही म्हणत नाही, पण नेतही नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. पंचवीस वर्षं नागपुरात लहान मुलांची डॉक्टर म्हणून बसते आहे, आणि हल्लीच्या माझ्या ओपीडीचं वर्णन मला याहून नेमकं करता आलं नसतं. “लस देणारच नाही” असं तोंडावर सांगणारे पालक वर्षाकाठी बोटांवर मोजावेत इतके भेटतात. “थोडं थांबून पाहू मॅडम” म्हणणारे मात्र रोजचे. नेटमुळे लोक लसविरोधी होतात असं पेपरात येतं. माझ्या खुर्चीतून तसं दिसत नाही. नेट बहुतेकांना विरोधात नेत नाही, नुसतं थांबवून ठेवतं. आणि थांबणं हा आपण घेतलेला निर्णय आहे असं कोणालाच वाटत नाही, इथे सगळी गोम आहे.

सुई टोचली आणि मुलीला ताप आला, तर तो ताप ‘आपण आणला’. सुई टोचली नाही आणि गोवर झाला, तर तो ‘आला’. मराठीतली क्रियापदंच बघा ना. केल्याचा दोष मनाला जितका बोचतो तितका न केल्याचा बोचत नाही. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९० सालीच हे दाखवलं होतं, तेही लसीचंच उदाहरण घेऊन. तेव्हा कोणाच्या खिशात फोन नव्हता. म्हणजे ‘न करण्या’कडे कलणारं मन आधीपासूनचं आहे. फोनने त्याला रोज रात्री टेकू दिला.

तो टेकू कसा लागतो ते एकदा जवळून पाहायला मिळालं. एक आई बाळाला घेऊन आली, तुमच्या मुलीएवढंच बाळ. म्हणाली, “मॅडम, ग्रुपवर सगळे म्हणून राहिले की एम.आर.ने खूप ताप येतो.” म्हटलं, दाखवा बरं कोण सगळे. तिने फोन पुढे केला. रात्री पावणेबाराला कोणीतरी विचारलं होतं, “एम.आर. नंतर किती दिवस ताप राहतो?” खाली उत्तरांची रांग. आम्ही दोघींनी ती वरपासून खालपर्यंत वाचली; बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी वाचली. बहुतेक उत्तरं तीन-चार शब्दांची: “आमच्याला काही नाही झालं”, “थोडी चिडचिड”, “नॉर्मल होतं”, नुसता एखादा अंगठा. आणि मधोमध एक भलामोठा परिच्छेद. एकशे तीन ताप, रात्रभर जागरण, ओल्या पट्ट्या, सासूबाईंचे शब्द, खाली थर्मामीटरचा फोटो. त्या परिच्छेदाखाली पंधरा-वीस जणींचे रडके चेहरे आणि “अरे बापरे”. ग्रुपमध्ये ‘सगळे’ म्हणत नव्हते. एकच जण म्हणत होती. पण तिच्याकडे गोष्ट होती, बाकीच्यांकडे काहीच नव्हतं.

लसीची पंचाईतच ही आहे. ती नीट लागू पडली की काही घडत नाही, आणि काही न घडल्याची गोष्ट कोणाला रंगवून सांगता येत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. लसीवर टीका करणारी संकेतस्थळं पाच ते दहा मिनिटं चाळली तरी लस देण्यातला धोका मोठा आणि न देण्यातला धोका लहान वाटू लागतो, असं त्यांना २०१० साली आढळलं. समोर आकडे ठेवले असले तरी त्रासाच्या गोष्टी जितक्या जास्त वाचाव्यात तितका धोका मोठा वाटतो, हेही त्यांनी दाखवलं. पाच-दहा मिनिटं म्हणजे किती? बाळ अंगावर दूध पीत असताना आईचा अंगठा फोनवर फिरतो, तेवढीच.

त्या आईला मी एकच विचारलं: या बाईंच्या बाळाला ताप आला तो कितव्या दिवशी? परिच्छेदात लिहिलं होतं, त्याच रात्री. आता इथे थोडं शास्त्र सांगावं लागतं. एम.आर.मध्ये जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते अंगात थोडे वाढतात, मग शरीर जागं होतं. म्हणून गोवराच्या लसीचा ताप येतो तो साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी, कधी अंगावर फिकट पुरळ घेऊन. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देतात त्या पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा, ताप मात्र दिवस-दोन दिवसांत येतो, कारण ती लस वेगळ्या जातीची. एम.आर. दिल्याच्या रात्री एकशे तीन ताप आला, तर तो बहुधा घरातल्याच कोणाच्या सर्दी-तापाचा असतो. जुलै-ऑगस्टात नागपुरात कोणत्या घरात ताप नसतो? पण ग्रुपवर कोणी तारीख विचारत नाही. “काळजी घे गं” म्हणतात. प्रेमाने म्हणतात, आणि त्या प्रेमाखाली चूक झाकली जाते.

तरीही, विचारलं की तिकडून उत्तर येतं, हीच नेटची खरी ताकद आहे, असं मला वाटतं. पुस्तकाला प्रश्न विचारता येत नाही. सरकारी पोस्टरला येत नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही येत नाही. सकाळी साठ पेशंट असताना मी एका आईला किती मिनिटं देते, हे मला ठाऊक आहे आणि सांगायची लाज वाटते. रात्री पावणेबाराला तिला दहा मिनिटांत पंधरा उत्तरं मिळतात, तीही तिच्यासारख्याच, झोप नसलेल्या बायांकडून. ती तिकडे अज्ञानामुळे जात नाही. तिकडे उत्तर मिळतं म्हणून जाते.

आता घरच्या ग्रुपकडे वळू. मावसभावाचा व्हिडिओ तिथे पडला तेव्हा किती जणांनी “हे चूक आहे” असं लिहिलं? बहुधा कोणीच नाही. आपल्याकडे काका, मामा किंवा मोठ्या भावाने टाकलेल्या गोष्टीला चारचौघांत खोटं म्हणायची पद्धत नाही. लहान जण हात जोडल्याची खूण टाकून मोकळे होतात. त्यांच्या मनात त्याचा अर्थ असतो, ‘पाहिलं बरं का, पुढे चला’. पण आठ महिन्यांची गरोदर सून तो ग्रुप उघडते, तेव्हा तिला दिसतात बारा जोडलेले हात. तिच्या लेखी सगळं घर त्या व्हिडिओशी सहमत आहे. माझ्या ओळखीत एका घरात सासरे निवृत्त फार्मासिस्ट, नणंद नर्स. दोघांनाही व्हिडिओ खोटा आहे हे कळत होतं, आणि दोघांनी हात जोडले होते.

व्हिडिओबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी: तो नेहमी हवेतून येत नाही. पुष्कळदा त्याच्या पोटात खरी घटना असते, फक्त तिची तारीख आणि हातपाय कापलेले असतात. आपल्या विदर्भातलंच घ्या. जानेवारी २०२१च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी बारा मुलांच्या तोंडात हॅण्ड सॅनिटायझर गेलं. घडलेली गोष्ट आहे. मुलांना दवाखान्यात ठेवलं, ती बरी झाली, संबंधितांवर कारवाई झाली. ती चूक हलगर्जीपणाची होती, लसीची नव्हती. त्या मुलांना लस मिळालीच नव्हती! पण दर पोलिओ रविवारच्या आसपास ती बातमी ‘आजच’, ‘आपल्याच जिल्ह्यात’ म्हणून माझ्याकडे येते. अशा वेळी “अफवा आहे” म्हणून उडवून लावलं, तर ज्याने ती बातमी त्या वेळी पेपरात वाचली होती, त्याचा माझ्यावरचा विश्वास उडतो. आणि माझ्याकडे विकायला विश्वासाखेरीज दुसरं काही नाही.

२०२४ च्या एप्रिलअखेरीसही हेच झालं. कोव्हिशिल्डचा मूळ फॉर्म्युला ज्या कंपनीचा, तिने ब्रिटनच्या कोर्टात मान्य केल्याची बातमी आली की अगदी क्वचित या लसीने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. दोन दिवस फोन थांबला नाही. “मॅडम, आता तं कंपनीनंच कबूल केलं.” कबूल नव्याने काहीच झालं नव्हतं. युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच हे जाहीर केलं होतं, आणि मे २०२१ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयानेही तसा इशारा दिला होता. तेव्हा भारतात असे प्रकार दहा लाख डोसांमागे एकापेक्षाही कमी आढळले होते. तीन वर्षं उघड असलेली गोष्ट मोबाइलवर ‘लपवलेलं सत्य’ होऊन आली. त्या आठवड्यात दोन जणांनी बाळांच्या पेंटाव्हॅलंटचा डोस पुढे ढकलला. त्या लसीचा या लसीशी काडीचा संबंध नाही. पण भीती अशी नावं वाचत बसत नाही.

ऑटिझमच्या व्हिडिओचं मूळ तर उघडच आहे. अ‍ॅण्ड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवरून एम.एम.आर. (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. पुढे त्यातली माहिती फिरवलेली निघाली. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. त्यानंतर लाखो मुलांवर पाहणी झाली, संबंध सापडला नाही. मग पालकांना तो दिसतो कुठे? ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या नजरेला येतात वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास, आणि गोवराच्या लसीचा दुसरा डोसही त्याच सुमारास असतो. दोन गोष्टी पाठोपाठ आल्या की मन गाठ मारतं. अशा मुलाच्या आईला खोटं पाडू नये. तिचं दुःख खरं आहे, तिने लावलेलं कारण तेवढं चुकीचं.

एक चूक माझीही सांगते. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस महाराष्ट्रात शाळाशाळांत एम.आर.ची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. अफवा तुफान होत्या: पुढे मूल होणार नाही, जुना माल संपवून राहिले, वगैरे. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने भटक्या जमातीतल्या पाच माणसांना ठार मारलं होतं, आणि त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली होती. मला वाटलं आता माझं काम सोपं. मी एक लांबलचक मेसेज लिहिला. प्रत्येक अफवा ठळक अक्षरांत वर, आणि तिचं खंडन साध्या अक्षरांत खाली. पालकांच्या तीन-चार ग्रुपवर टाकला. पंधरा दिवसांनी एक वडील आले. म्हणाले, “मॅडम, त्या लसीनं मूल होत नाही म्हणे.” कोणी सांगितलं? “तुमच्याच मेसेजमध्ये होतं ना!” ठळक तेवढं त्यांनी वाचलं होतं, आणि माझं नाव पाहून पुढे पाठवलं होतं. तेव्हापासून मी अफवा लिहीत नाही. खरं काय आहे तेवढंच लिहिते, छोटं लिहिते, आणि शक्यतो आवाजात रेकॉर्ड करून पाठवते. आवाज ओळखीचा असला की लोक ऐकतात.

घाबरवायचंही मी सोडून दिलं. पूर्वी गोवराच्या न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या मुलांचे फोटो दाखवायची. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आजारी मुलांचे फोटो दाखवल्यावर पालकांचा ‘लस आणि ऑटिझम’ यांच्या संबंधावरचा विश्वास उलट वाढला होता. वाचल्यावर नवल वाटलं नाही. घाबरलेला माणूस जागचा हलत नाही, आणि लस न देणं म्हणजे जागचं न हलणंच.

घाबरवल्याशिवाय जुनी आठवण जागी करता येते, ती आजीकडून. सहसा असं मानतात की म्हातारी माणसं लसीच्या आड येतात. माझा अनुभव उलटा. उमरेडकडची एक आजी सुनेसोबत आली होती. सून फोनवर काहीतरी दाखवत होती, आजी गप्प. मी विचारलं, “आजी, गोवर पाहिला का तुम्ही?” आजी म्हणाली, “माता आली म्हणत होतो आम्ही. दारावर कडुलिंबाचा टहाळा लावू. माह्या नणंदेचं लेकरू गेलं त्याच्यातच, नवव्या महिन्यात.” खोलीत कोणी बोललं नाही. सुनेने फोन पर्समध्ये ठेवला. माझी सगळी आकडेवारी त्या एका ओळीपुढे फिकी. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात हे शब्द आज तिशीतल्या आईला शाळेच्या पुस्तकातले वाटतात. मी मेडिकलला शिकत होते तेव्हा ते वॉर्डातले शब्द होते. तान्ह्या पोळ्याला आपण ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत पुतळे काढतो ना, त्यातल्या ईडा-पिडांमध्ये कधीकाळी यांचीच नावं असायची. आजार गेले म्हणून लसच तेवढी डोळ्यांसमोर उरली, आणि डोळ्यांसमोर जे असतं त्याचीच भीती वाटते.

गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, शिवाय भिवंडी, मालेगावात तो आला आणि लहान मुलं दगावली. कोविडच्या दोन वर्षांत बऱ्याच जणांचे डोस राहून गेले होते. एका गोवराच्या रुग्णाकडून, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. आईकडून मिळालेलं संरक्षण नऊ महिन्यांपर्यंत बहुतेक ओसरतं. ‘थांबून पाहू’चे तीन आठवडे नेमके या उघड्या काळातले आहेत, एवढं बायकोला सांगायला हरकत नाही. एकदाच सांगा, रोज नको.

रोज काय करायचं? व्हिडिओ खोटा आहे हे सिद्ध करायला बसू नका. नवरा जिंकला आणि लस राहिली, असं मी पाहिलंय. तिला विचारा, “तुला नेमकं कशाचं भ्याव वाटतं?” आणि मग गप्प बसा, उत्तर पूर्ण येऊ द्या. दहापैकी आठ वेळा ते ऑटिझम नसतं. ताप असतो, रात्र असते, ‘मी एकटी पडेन’ असं असतं. ते असेल तर उपाय तुमच्याच हातात आहे: शनिवारी लस द्या, आणि पुढच्या आठवड्यातल्या रात्री तुम्ही वाटून घ्या.

तिला तुमच्या डॉक्टरांकडे तिचा फोन घेऊनच न्या. डॉक्टरांनी पुरता वेळ दिला नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यात काही पाप नाही. तुमच्या वस्तीतल्या आशाताई किंवा नर्सताई ओळखीच्या असतील तर त्यांच्याशीही बोला. माझ्या पाहण्यात, वस्तीतल्या बाया ग्रुपवर कमी थांबतात, कारण त्यांचा प्रश्न दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईला विचारता येतो. फ्लॅटच्या सातव्या मजल्यावर तेवढी सोय नसते.

आणि दवाखान्यात गेल्यावर “द्यायची का?” असा प्रश्न पुन्हा उघडू नका. “आज एम.आर. आहे ना?” एवढंच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की डॉक्टरांनी ‘काय करायचं?’ विचारलं की पालक जास्त अडतात, आणि ‘आज ही लस आहे’ म्हटलं की कमी. शंका विचारायची मोकळीक असावीच, पण सुरुवात शंकेने कशाला? हे मी स्वतःच्या तोंडाला वळण लावून शिकले.

बारीकसारीक गोष्टी. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलायची गरज नाही. आधीच्या डोसाला गंभीर अ‍ॅलर्जी आली असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा उपचार चालू असेल, तर मात्र आधी सांगा. सरकारी केंद्रावर एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती पातळ केल्यावर चार तासांत वापरावी लागते, म्हणून “थोडं थांबा, अजून मुलं येऊन राहिली” असं ऐकू आलं तर रागावू नका, ते योग्यच आहे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. नवव्या महिन्यातला डोस सुमारे पंच्याऐंशी टक्के मुलांना संरक्षण देतो, म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसराही लागतो. त्याची तारीख आजच कार्डावर लिहून घ्या, नाहीतर हीच चर्चा पुन्हा.

घरी आलात की फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लस दिल्यापासूनच्या पाचव्या आणि बाराव्या दिवसाला खूण करा, बायकोच्याच हाताने. मधे ‘ताप येऊ शकतो’ असं लिहा. खरंच ताप आला, तर तो आधी सांगून आलेला पाहुणा असेल. घर हादरणार नाही, डॉक्टरांना फोन जाईल. आणि नाही आला, तर तिला ग्रुपवर तेवढंच लिहायला सांगा, तारखेसकट: “अमुक दिवशी दिली, आज तेरावा दिवस, मजेत आहे.” रात्री पावणेबाराला कोणीतरी तिथे शोधत असेल.